मुळाबरहुकूम जॅझ

गेल्या नोव्हेंबरात, एका गुरुवारी, आमच्या दैनिकाच्या शहर आवृत्तीत चौथ्या पानावर दोन कॉलमी शुद्धिपत्र छापून आले. चूक आमची नव्हती. आमच्या चुका आम्ही सहसा छापत नाही. मजकूर असा होता:

‘सर्व आजी-माजी विद्यार्थी, पालक, शाळा व मंगल कार्यालये यांना कळविण्यात येते की, माझ्या वर्गात गेली एकतीस वर्षे शिकविण्यात आलेली “अटका” ही स्टेप मूळ जॅझ नृत्यात नसून तो कॅसेटमधील बिघाड असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब यापुढे ती कोणीही करू नये. यापूर्वी केलेली रद्द समजावी.’

हे कोणत्या सदरात टाकायचे ते जाहिरात विभागाला कळेना. शेवटी ते ‘नावात बदल’ आणि ‘हरवले आहे’ यांच्या मधे गेले. शुद्धिपत्र देणारे गृहस्थ सकाळी साडेदहाला स्वतः येऊन छापील मजकूर हस्तलिखिताशी ताडून गेले. एक स्वल्पविराम जास्त पडला होता. त्याबद्दल त्यांनी वेगळे पत्र दिले. ते आम्ही छापले नाही.

या गृहस्थांना सगळे शहर ‘सर’ म्हणते. या शहरात जॅझ नृत्य त्यांनी आणले. त्यांच्या आधी इथे ते कोणी केल्याची नोंद नाही. त्यांच्यानंतर जे झाले ते जॅझ होते का, याबद्दल आता खुद्द सरांनाच खात्री नाही.

सरांची नोकरी सरकारी होती. एका जिल्हा कार्यालयाच्या नक्कल शाखेत ते चौतीस वर्षे कारकून होते. लोक जमिनीच्या जुन्या फेरफाराची, खासरापत्रकाची प्रत मागायला येत. सर मूळ कागद काढत, तो हाताने उतरवत, शेजारच्या कारकुनाला मोठ्याने वाचायला लावून शब्दन्‌शब्द ताडून पाहत आणि मग शिक्का मारत: ‘मुळाबरहुकूम खरी नक्कल’. मुळात चूक असेल तर ती नकलेतही उतरे. ‘दुरुस्त करणारे आपण कोण?’ असे ते म्हणत. मुळावर शाईचा डाग असेल तर नकलेवर तेवढाच डाग काढत. दौलताबादच्या एका माणसाच्या नकलेवरचा असा डाग मी पाहिला आहे. तो पट्टीने मोजून काढलेला होता. त्या माणसाला डागाखालचाच आकडा हवा होता.

अशा माणसाने जॅझकडे का जावे, हा प्रश्न शहरात अनेकांनी अनेकदा विचारला. घडले ते असे. शहर तेव्हा औरंगाबाद होते आणि घरोघरी भाड्याने व्हीसीआर आणायचे दिवस होते. सरांनी आईसाठी औरंगपुऱ्यातल्या व्हिडिओ लायब्ररीतून एक पौराणिक चित्रपट आणला. डबी चित्रपटाची निघाली, आतली कॅसेट दुसरीच. तिच्यात लाकडी जमिनीची खोली होती, अंगासरसे कपडे घातलेली एक परदेशी बाई होती आणि ती समोरच्या सहा विद्यार्थ्यांना चाळीस मिनिटे जॅझ शिकवत होती. आई दुसऱ्या मिनिटाला उठून गेली. सर बसून राहिले. पुढे एकदा कोणी फारच खोदून विचारले तेव्हा म्हणाले, ‘बाई एकही पाऊल चुकत नव्हती.’ याहून जास्त खुलासा त्यांनी कधी केला नाही.

पाच महिने, दर शनिवारी दुपारी, सरांनी तीच कॅसेट आणली. नृत्य शिकण्याची त्यांना एकच पद्धत माहीत होती. त्यांनी ऑफिसात वापरतात तसे लांबट रजिस्टर घेतले, पट्टीने रकाने आखले आणि बाई उतरवायला बसले. रकाने सहा: अनुक्रमांक, उजवा पाय, डावा पाय, हात, मान, शेरा. अनुक्रमांक ४१: ‘उजवा पाय मागे. डावा स्थिर. हात कमरेवर. मान बाजूस. शेरा: स्मित, दात न दाखवता.’ अनुक्रमांक ६७ ला बाई कपाळावर आलेले केस मागे सारते. तेही नोंदले गेले. त्यामुळे सरांच्या वर्गातली सगळी मुले, अगदी सैनिकी शाळेसाठी डोके भादरलेलीसुद्धा, अमुक ठिकाणी कपाळावरचे नसलेले केस मागे सारत आली.

अनुक्रमांक ११४ ची नोंद मात्र सगळ्यांहून वेगळी आहे. ती जशीच्या तशी देतो: ‘उजवा हात वर. धक्का. धक्का. धक्का. लगेच दोन पावले डावीकडे (न चालता). शेरा: प्रयोजन समजले नाही, तथापि मुळात आहे.’

हाच तो अटका. हे नाव मुलांनी दिले; सर ‘एकशेचौदा’ म्हणत. हात वर जातो, अंग जागच्या जागी तीन धक्के खाते, पहिला लहान, दुसरा मोठा, तिसरा अर्धवट, आणि मग माणूस दोन पावले डावीकडे असतो. गेलेला दिसत नाही, असतो. तरबेज मुलांना हे सहा महिन्यांत जमे. बाकीचे पडत. एकतीस वर्षांत या शहरातल्या किती गुडघ्यांवर एकशेचौदाची खूण आहे हे कोणी मोजलेले नाही.

वर्ग क्रांती चौकाजवळच्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर भरे. खाली लग्न असेल तर सराव मंगलाष्टकांवर होई. सर सफारीत येत, खिशाला दोन पेने लावून. आखणीची पट्टी लोखंडी पेटीवर आपटून ते मात्रा मोजत. कॅसेटमधली बाई दोन आकड्यांच्या मधे ‘ॲन्ड’ म्हणे. सरांनी त्याचे सरकारी मराठी केले होते. ‘पाच व सहा व सात व आठ व’, असा त्यांचा जॅझ चाले. स्वतः सर फारसे नाचत नसत. ते पाऊल दाखवत, रजिस्टरात बघत, पुढचे पाऊल दाखवत. त्यांना सलग नाचताना पाहिल्याचे सांगणारा माणूस मला भेटलेला नाही.

गैरहजेरीसाठी अर्ज लागे. ‘विषय: रजा मिळणेबाबत.’ मी त्या वर्गात आठ महिने होतो. नवव्या महिन्यात मला गोवर निघाला आणि अर्ज वेळेत गेला नाही. नाव कमी झाले. माझा जॅझ अनुक्रमांक ८८ पाशी संपतो.

भर घालणे हा त्या वर्गातला सर्वांत मोठा गुन्हा होता. सिडकोतल्या एका मुलाने एकदा बावन्न आणि त्रेपन्नच्या मधे एक गिरकी मारली. पट्टी थांबली.

‘हे काय होतं?’

‘सर, थोडी स्टाईल मारली.’

‘कोणत्या अनुक्रमांकाची?’

‘कोणत्याच नाय सर. मनानं केलं.’

‘मनानं करायचं असंल तर घरी करायचं. इथं जॅझ चालतं.’

तो मुलगा पुढे लग्नाच्या संगीत कार्यक्रमांचे नाच बसवून शहरात दोन मजली घर बांधता झाला. त्याच्या प्रत्येक नाचात अटका असतो.

तसा तो सगळ्यांच्याच नाचात असतो. सरांचे विद्यार्थी शाळांत नृत्यशिक्षक झाले, त्यांचे विद्यार्थी दुसऱ्या शाळांत. स्नेहसंमेलनात कोळीगीत असो की देशभक्तीपर गीत, मधे कुठेतरी तीन धक्के येतात आणि अख्खी रांग दोन पावले डावीकडे निघते. नवरदेवाचे मित्र वरातीत अटका करतात. एका उमेदवाराच्या विजयी मिरवणुकीत, गुलालात, साठीच्या कार्यकर्त्याने केलेला अटका मी पाहिला आहे. त्याने हातातला झेंडा खाली पडू दिला नाही. नव्वद टक्के लोकांना हे कुठून आले ते माहीत नाही. उरलेल्यांना ते न्यूयॉर्कहून आले हे माहीत होते, कारण आमचे दैनिक दरवर्षी सरांच्या वार्षिक कार्यक्रमाच्या बातमीत ‘न्यूयॉर्कची अस्सल शैली’ असे छापत असे. ते पहिल्या वर्षी कोणी लिहिले याचा आता पत्ता लागत नाही. पुढची सगळी वर्षे ते आधीच्या बातमीवरून उतरवले गेले.

काही वर्षांपूर्वी एका सांस्कृतिक संस्थेने सरांचा सत्कार केला. मंचावरच्या फ्लेक्सवर ‘मराठवाड्यातील जॅझचे जनक’ असे होते. सरांनी शाल घ्यायला नकार दिला.

‘जनक खोडा.’

‘अहो सर, फ्लेक्स आहे तो,’ संस्थेचे चिटणीस कुजबुजले. ‘पाहुणे आलेत. उद्या बघू की.’

‘मी जनक नाही. मी प्रत काढली. खोडा.’

प्रमुख पाहुण्यांनी दोनदा घड्याळ पाहिल्यावर चिटणिसांनी ‘जनक’ शब्दावर पांढरा कागद चिकटवला. आमच्या फोटोत सर ‘मराठवाड्यातील जॅझचे’ एवढ्याच शब्दांखाली उभे आहेत. हा विनय असल्याचे भाषणांत सांगण्यात आले. तो विनय नव्हता. नकलेवर शिक्का मारणाऱ्याला मूळ लिहिणारा म्हणणे ही सरांच्या लेखी शिवी होती.

या माणसाच्या आयुष्यात गेल्या जुलैत पुण्याच्या एक नृत्यदिग्दर्शिका आल्या. त्या तीन दिवसांच्या कार्यशाळेसाठी शहरात आल्या होत्या. तिथे त्यांनी आरतीला पाहिले. आरती फुलंब्रीची. वडिलांची अद्रक आणि कपाशी, भाऊ वाळूजला कंपनीत. पाच वर्षे ती सकाळच्या बसने शहरात येत होती, कॉलेज करून सरांच्या वर्गाला थांबत होती. सरांची ती सर्वांत चांगली विद्यार्थिनी होती, हे मत सरांचे नाही. ते असे मत देत नाहीत. वडिलांनी तिला मुदत घालून दिली होती. ‘पाडव्यापोतर नाचात काय व्हतंय ते बघ. नाय तर गुमान बी.एड.ला नाव टाक.’

बाईंनी तिच्याकडून एकशेचौदा लागोपाठ नऊ वेळा करून घेतला. मग त्या मंगल कार्यालयाचा जिना चढून सरांकडे आल्या.

‘सर, हे कुणी बसवलं?’

‘बसवलं नाही. मुळात आहे.’

‘कुठल्या मुळात? मी न्यूयॉर्कला चार वर्षं शिकलेय. तिथं हे नाहीये.’

‘मग तुमचा तो भाग बुडाला असंल,’ सर म्हणाले.

बाई हसल्या. सर हसले नाहीत. बाईंनी सांगितले की पुण्यात त्यांचा नवा प्रयोग उभा राहतो आहे, त्यात आरतीला एकटीचा नाच द्यायचा आहे आणि तो सगळा या एका हालचालीवर बांधायचा आहे. मात्र एक अट होती. पूर्वी त्यांच्यावर दुसऱ्याची रचना न विचारता उचलल्याचा आरोप झाला होता. तेव्हापासून त्या निर्मात्याच्या सहीचे पत्र असल्याशिवाय कोणाची हालचाल मंचावर नेत नसत. पत्र एका ओळीचे चालणार होते: ही रचना माझी आहे आणि ती वापरायला माझी हरकत नाही. डिसेंबरअखेरपर्यंत आले नाही तर हा नाच वगळायचा आणि मग आरतीसाठी वेगळी जागा नव्हती.

‘माझी नाही,’ सर म्हणाले. ‘खोटी सही मी नोकरीत केली नाही.’

बाईंनी पत्राचा नमुना टेबलावर ठेवला. सरांनी त्यावर पट्टी ठेवली आणि मात्रा मोजायला दुसरी पट्टी घेतली.

आरतीला वाटले, बाईंना मूळ व्हिडिओ दाखवला तर काम भागेल. तिने शोध सुरू केला. दोन महिने ती बसमध्ये फोनवर जुने व्हिडिओ पाहत होती. ऑक्टोबरात तिला कॅसेटमधली ती बाई सापडली. तीच लाकडी जमीन, तेच सहा विद्यार्थी, फक्त चित्र स्वच्छ. तिने ते आधी एकशेचौदापर्यंत पाहिले. मग पुण्याला न पाठवता सरांकडे नेले.

‘सर, ही तीच हाय ना?’

सरांनी चष्मा बदलला. ‘तीच.’

पुढचे त्यांनी ऑफिसात करत तसे केले. पेटीतून रजिस्टर काढले, आरतीला फोन धरायला लावला, स्वतः एकेक नोंद मोठ्याने वाचली आणि जुळली की बरोबरची खूण केली. एकशेतेरापर्यंत सगळे जुळले. कपाळावरचे केससुद्धा जुळले. एकशेचौदाला बाईने उजवा हात वर केला, तो एका विद्यार्थ्याकडे दाखवला, सावकाश चालत दोन पावले डावीकडे गेली आणि त्या विद्यार्थ्याचा वाकडा खांदा सरळ केला. त्यात नाच नव्हता. ती चूक दुरुस्त करायला चालली होती.

‘पुन्हा लाव,’ सर म्हणाले.

आरतीने चार वेळा लावले. चौथ्या वेळी सर म्हणाले, ‘चालत जाते.’ थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, ‘चालत जाते ती.’ मग तांबडे पेन काढून त्यांनी एकशेचौदावर रेघ मारली, बाजूला सही केली आणि ‘आज वर्ग नाही’ असे स्वतःच्या सहीनिशी दारावर लावले.

चूक कोणाची हे ठरवायला ते दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यात गेले. व्हिडिओ लायब्ररीच्या जागी आता मोबाइलची कव्हरे आणि काचा बसवून मिळतात. मालक तेच, रफीकभाई. त्यांनी सरांना पाहून स्टूल पुसले.

‘रफीकभाई, ती कॅसेट आठवते?’

‘कैसी नै याद आती, सर. पाँच महिने तुमइच ले जाते थे. दुसरा कोई पूछा बी नै.’

‘तिच्यात एक जागा खराब होती.’

‘थी ना. मशीन ने खा ली थी. मैं पेन्सिल डाल के, घुमा के सीधी करा. तबी जरा सिकुड़ गई.’

‘तुम्ही मला सांगितलं नाही.’

‘तुम पूछे नै, सर.’ रफीकभाईंनी हातातली काच खाली ठेवली. ‘फिर मेरी भांजी की शादी में सब बच्चे वोइच झटका मार रे थे. मैं बोला, अरे ये तो अपनी मशीन का झटका है! पर सोचा, सर इत्ते बड़े आदमी, उनको मालूमइच होंगा.’

रफीकभाई हे कित्येक वर्षे जाणून होते. शहरातल्या प्रत्येक वरातीत आपले यंत्र ओळखत होते. सरांनी त्यांना पेन्सिल कोणत्या रंगाची होती ते विचारले आणि उत्तर रजिस्टरात लिहिले. पिवळी.

त्यानंतर शुद्धिपत्र आले. शहराने ते वाचले, फोटो काढून एकमेकांना पाठवले आणि अटका चालू ठेवला. सरांनी मात्र अंमलबजावणी मनावर घेतली. शाळाशाळांत जाऊन ते नृत्यशिक्षकांना, म्हणजे आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांना, दुरुस्त एकशेचौदा शिकवू लागले. ते मुळाबरहुकूम होते: हात वर करायचा, दोन पावले डावीकडे चालत जायचे आणि तिथे नसलेल्या माणसाचा खांदा सरळ करायचा. एका शाळेच्या संमेलनात चाळीस मुलांनी असे चाळीस अदृश्य खांदे सरळ केले. मुख्याध्यापिकांनी नंतर विचारले, ‘हे मधेच काय करत होते हो सगळे? शर्ट शोधत होते का?’

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचे लग्न होते. दुपारच्या कार्यक्रमात वऱ्हाडी मंडळी नाचत होती. तीन धक्के आले. पहिल्या रांगेतून सर उठले आणि मोठ्याने म्हणाले, ‘रद्द आहे ते!’ डीजेला वाटले आवाज कमी करायला सांगताहेत. त्याने गाणेच बंद केले. शांततेत वधूचे मामा, हात वर, तिसऱ्या धक्क्यात उभे होते.

‘मग आता काय करू, सर?’ त्यांनी विचारले.

‘चालत जा.’

मामा दोन पावले चालत गेले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. गाणे पुन्हा लागले तेव्हा सगळ्यांनी मिळून अटकाच केला. सर न जेवता निघाले.

महिना संपत आला होता. पुण्याचे पत्र आता सरांच्या घरच्या टेबलावर होते, पट्टीखाली तसेच. एका दुपारी आरती सरांच्या घरी गेली. तिच्यासोबत वर्गातली एक मैत्रीण होती. पुढचा संवाद त्या मैत्रिणीने सांगितला आणि आरतीने तो नाकारला नाही.

‘सर, बाईंचा फोन आला व्हता. पत्र नाय आलं तर सोमवारी दुसरी पोरगी घेणार म्हणत्यात.’

‘घेऊ दे. बिघाड स्टेजवर न्यायचा नसतो.’

‘बिघाड म्हणून नका! पाच वर्षं घासलाय मी त्यो. गुडघा सुजून टम्म झाला व्हता, तवा रजा मागितली तर तुम्ही अर्जात तारीख नाय म्हणून परत दिला. बसत बसत गेले मी फुलंब्रीला.’

‘नियम होता.’

‘मग सही करा ना नियमानं. एवढी एक ओळ. माझं समदं त्याच्यावर हाय, सर. मी बी.एड. नाय करणार. मला नाय पोरं हाणायची.’

‘ओळ खोटी आहे. रचना माझी नाही.’

‘मंग कुणाची? मशीनची?’

‘मशीनची.’

‘मंग मशीनची सही आणा जाऊन!’

मैत्रिणीच्या म्हणण्यानुसार आरती हे ओरडून बोलली आणि लगेच रडू लागली. सरांनी पट्टी उचलली, पत्राचा नमुना घडी करून खिशात घातला आणि चपला शोधल्या.

तिघे औरंगपुऱ्यात पोहोचले तेव्हा रफीकभाई एका गिऱ्हाइकाच्या फोनला काच लावत होते. सरांनी सोबत आणलेला कागद काउंटरवर पसरला आणि तिथेच उभ्याने पत्र लिहिले. बाईंच्या नमुन्यातले त्यात काही राहिले नाही. ते असे:

‘सदर हालचाल (अनुक्रमांक ११४) ही रफीकभाई यांच्या मालकीच्या यंत्रात, त्यांनी पेन्सिलीने केलेल्या दुरुस्तीमुळे उद्भवली. निम्नस्वाक्षरीकाराने ती पाहून उतरवली व विद्यार्थ्यांकडून करवून घेतली. भर घातलेली नाही. यंत्र सध्या अस्तित्वात नाही. मालकाची वापरास हरकत नाही.’

रफीकभाईंनी ते दोनदा वाचून घेतले.

‘इसमें मेरे को कुछ होंगा तो नै, सर?’

‘नाही. तुम्ही निर्माते आहात.’

‘किसके?’

‘अटक्याचे.’

‘ये अच्छा है,’ रफीकभाई म्हणाले. ‘उस मशीन ने मेरी कित्ती कॅसेटां खाई, कोई सही लेने नै आया.’

त्यांनी हात पुसून सही केली. सरांनी खाली ‘नक्कल करणार’ असे लिहून आपली केली. आरतीला साक्षीदार होऊ दिले नाही, कारण तिचा फायदा होता. काच बसवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाची सही घेतली. त्याने, आपल्याला काही गमवावे लागणार नाही ना, एवढे विचारले. सर्वांत शेवटी सरांनी पिशवीतून शिक्का काढला. निवृत्तीनंतर तो कार्यालयात जमा करायला हवा होता. तो त्यांच्याकडे कसा, हे विचारण्याच्या स्थितीत त्या दुकानात कोणी नव्हते.

पत्र पुण्याला पोहोचले. बाईंनी ते वकिलाला दाखवले. वकिलाने असे पत्र पूर्वी पाहिले नव्हते, पण हरकत घेण्यासारखे त्याला त्यात काही सापडले नाही. आरती जानेवारीत पुण्याला गेली.

पहिला प्रयोग फेब्रुवारीत झाला. कार्यक्रमपत्रिकेत संगीत, प्रकाश, वेशभूषा यांच्या खाली एक ओळ होती: ‘“अटका”: रफीकभाई, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर’. सरांचे नाव नव्हते. बाईंनी दोनदा विचारले होते. नकलेवर कारकुनाची सही असते, छापील पुस्तकावर नसते, असे सरांनी कळवले.

प्रयोगाला शहरातून चौघे गेले होते: सर, रफीकभाई, आरतीचे वडील आणि ती मैत्रीण. चौघे एका रांगेत बसले. आरतीचा नाच अकरा मिनिटांचा होता. त्यात अटका सात वेळा येतो. पहिल्याच वेळी वडील पुढे वाकले.

‘टीव्ही अडकल्यावानी करती की ही,’ ते शेजाऱ्याला म्हणाले.

शेजारी रफीकभाई होते. ‘वोइच है,’ ते म्हणाले.

प्रेक्षकांनी नाच संपल्यावर उभे राहून टाळ्या वाजवल्या. वडील इतरांकडे बघून उभे राहिले. टाळ्या थांबल्यावरही उभेच राहिले, मागच्यांनी बसा म्हणेपर्यंत. सर बसून होते. त्यांच्या मांडीवर रजिस्टर होते.

प्रयोगानंतर चौघे मंचामागे गेले. आरतीच्या तोंडावरचा रंग अजून उतरलेला नव्हता. ती सरांच्या पाया पडली. पाचव्या वेळचा तिसरा धक्का उशिरा आला, असे सर तिला म्हणाले. ‘व्हय सर,’ ती म्हणाली. हे आरतीने, मैत्रिणीने आणि रफीकभाईंनी स्वतंत्रपणे सांगितले आणि तिघांचे शब्द जुळले.

दुसरा प्रयोग पंधरा दिवसांनी झाला. सर गेले नव्हते. मंगळवार होता, वर्ग होता. रफीकभाई दुकान बंद ठेवून गेले. त्यांच्या म्हणण्यानुसार पाचव्या वेळचा तिसरा धक्का वेळेवर आला. त्यांनी ते तिथूनच फोन करून सरांना कळवले. सरांनी वेळ विचारली आणि लिहून घेतली.